इनासकाकांची जपानी कॅसेट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी इनासकाकांचं नाव घेतो. आईवडिलांसमोरही घेतो. आईला त्याचं वाईट वाटत नाही. ‘तो माणूस भेटला नसता तर तू अजून तारा गुंडाळत बसला असतास,’ असं तीच म्हणते.

तारा गुंडाळणं हे माझं खरोखरचं काम होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिले आणि मी कॉलेज सोडून वालीवच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका गाळ्यात लागलो. नव्वदनंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. वडील जवळच्याच रंगाच्या कारखान्यात होते. आम्ही मूळचे संगमेश्वरकडचे, राहायला नालासोपाऱ्याला. घरात चौथीच्या पुढे कुणी शिकलं नव्हतं. त्यामुळे माझं कॉलेज सुटल्याचं कुणाला फारसं दुःख झालं नाही. मला झालं होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

एके दिवशी गाळ्यात एक विचित्र ऑर्डर आली. दोनशेतीस व्होल्टचे शंभर करून देणारा ट्रान्सफॉर्मर. शंभर व्होल्टवर चालणारी वस्तू आपल्याकडे कुणाकडे असते? तो पोहोचवायला मला पाठवलं. होळी नावाच्या नाक्याच्या पुढे, केळीच्या वाडीत एक कौलारू घर, पुढे ओटी, आणि ओटीवर उघडी पडलेली रेडिओ-टीव्हींची खोकी. त्यांच्यामध्ये पन्नाशीचा एक सावळा, काटक माणूस बसला होता. डावा हात मनगटापासून नव्हता. दुरुस्तीची सर्किटची पाटी त्याने लोखंडी शेगड्यात आवळून धरली होती आणि उजव्या हाताने तो सोल्डर करत होता. त्याने ट्रान्सफॉर्मर लावला, डोळे मिटले आणि कान जवळ नेला.

‘परत ने,’ तो म्हणाला.

‘चालत नाही का?’

‘चालतो. पन गुनगुनतो.’

मी परत नेला. मालक म्हणाला, ‘त्याला सांग, ट्रान्सफॉर्मर आहे, थोडं गुणगुणणारच. देवळात बसवायचाय का?’ आम्ही पत्र्याच्या पट्ट्या आवळल्या आणि मी पुन्हा गेलो. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी मी स्वतःच सगळा खोलला, प्रत्येक पट्टी साफ केली, वार्निशमध्ये रात्रभर बुडवून ठेवला, दोन दिवस सुकवला. या वेळी त्या माणसाने, म्हणजे इनासकाकांनी, बराच वेळ कान लावून ठेवला. मग माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

‘हा कोनी केला?’

‘मी.’

‘रविवारी ये. चर्चमधली मिसा आटपली की, अकराला.’

त्या ट्रान्सफॉर्मरचं कारण मला त्या रविवारी कळलं. इनासकाका पूर्वी जहाजावर इलेक्ट्रिशियन होते. जपानच्या किनाऱ्यापाशी एका अपघातात हात गेला आणि कोबे बंदरातल्या इस्पितळात ते अडीच महिने पडून होते. परत येताना त्यांनी तिकडचा टीव्ही, तिकडचा व्हिडिओ आणि अकरा कॅसेटी आणल्या होत्या. त्या कॅसेटी आपल्याकडच्या टीव्हीवर लावल्या तर चित्र काळंपांढरं दिसायचं आणि वरखाली धावायचं, म्हणून सगळा संसारच तिकडचा. त्यांचा जुना ट्रान्सफॉर्मर जळला होता.

कॅसेटींमध्ये हाताने काढलेली हलती चित्रं होती. मुलांची नव्हेत. सगळ्या पुढच्या काळातल्या शहरांच्या गोष्टी: अर्धं शरीर यंत्राचं झालेली माणसं, स्वतःच्या आठवणी खऱ्या की घातलेल्या अशा शंकेत पडलेली यंत्रं, सगळ्यांवर मालकी असलेल्या कंपन्या. चाळीस-पन्नास मिनिटांत गोष्ट संपायची, आणि बहुतेक वेळा कुणाचं भलं न होता संपायची. भाषा जपानी, खाली अक्षरं नाहीत. पहिल्या दिवशी मला एक शब्द कळला नाही, तरी मी जागचा हललो नाही. कारण ते शहर माझ्या ओळखीचं होतं. इमारतींच्या गच्चीवर वर आलेल्या लोखंडी सळया, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत लोंबणाऱ्या केबलच्या तारा, रंग न दिलेल्या भिंतींवर पाण्याचे ओघळ, टँकरभोवती बायका. हे चित्र काढणारा माणूस नालासोपाऱ्यात आमच्या जिन्यावर येऊन गेलाय की काय, असं वाटलं. आम्ही राहत होतो त्या जागेचं कुणी चित्र काढावं, हेच मला तोवर सुचलं नव्हतं.

इनासकाकांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. ‘पुढच्या काळात सगळं चकचकीत असनार म्हनून सांगनारे खोटं बोलतात,’ ते म्हणाले. ‘पुढच्या काळात पन नळ गळनार. आनि कोनतरी खाली बसून ते दुरुस्त करनार. ह्या चित्रांत तो खाली बसलेला मानूस असतो. म्हनून मला आवडतात.’

ते कॅसेट सलग कधी बघत नसत. बटण दाबून चित्र थांबवायचं आणि जवळ जाऊन बघायचं. ‘ही सिनेमाघरासाठी केलीच नाहीत,’ ते मला समजावून सांगत. ‘थेट कॅसेटवर. म्हंजे काढनाऱ्याला म्हाईत आहे, समोर एकटाच बसलाय, घरात, आनि हातात बटन आहे. म्हनून तो कोपऱ्यातला खिळा पन काढतो.’ मग त्या खिळ्यापर्यंत ते बोट न्यायचे. पैसे आणि वेळ कमी पडला की ही मंडळी चित्र स्थिर ठेवत. सगळं शहर गप्प, आणि एकच दिवा लुकलुकतोय. मला ती काटकसर वाटली. काकांना ती जागा सर्वांत आवडायची. पण चुकीला माफी नव्हती. एका कॅसेटमध्ये नायक वाहत्या गटारात उभा राहून जिवंत तारा जोडतो, तिथे ते दर वेळी ओरडायचे, ‘अर्थिंग! अर्थिंग कुठाय ह्याचं? मेला असता हा पहिल्याच मिनिटाला!’

आतून त्यांची थोरली बहीण रेजिनबाय म्हणायची, ‘दर रविवारी तेच वराडतो. तो तिकडं मरत नाय, आमीच हिकडं मरतो.’

रेजिनबाय आणि इनासकाका, दोघांचंच ते घर. तिचं लग्न झालं नव्हतं, ह्यांचं मोडलं होतं. ती तोंडाने फटकळ होती, आणि मी गेलो की काही न विचारता माझ्यासमोर चहा आणि पाव ठेवायची. काकांना बोलणं मागे न्यायची सवय होती. कुणी काही सांगितलं की म्हणायचे, ‘थांब. मागं ने. परत सांग.’ रेजिनबाय म्हणायची, ‘ह्याचं चाललं तर फादरला पन मिसेत मागं नेईल.’ इस्पितळाने दिलेला कृत्रिम हात काका लग्नकार्यात आणि सरकारी कचेरीत जाताना तेवढा घालत. एरवी तो टेबलावर असायचा आणि जपानी शब्दकोशाचं पान उघडं धरून ठेवायचा. ‘बसून खातो नुसता,’ काका म्हणत, ‘थोडं काम करूदे.’

शब्दकोशाचं कारण सातवी कॅसेट.

ती त्यांनी मला महिनाभराने दाखवली. गोष्ट साधी होती. शहराच्या पोटातल्या पाण्याच्या नळांवर काम करणारी एक बाई. तिचा उजवा हात कंपनीचा, यंत्राचा. शेवटी ती नोकरी सोडते. एका जिन्यावर बसते, पेच काढून तो हात मोकळा करते, पायरीवर ठेवते. दोन पायऱ्या खाली एक मूल बसलेलं असतं. बाई एक वाक्य पुटपुटते आणि निघून जाते. पाणी ठिबकत राहतं.

काकांनी तिथे कॅसेट थांबवली. ‘इस्पितळात आमच्या वॉर्डात ही लावायचे,’ ते म्हणाले. ‘सगळे आमच्यासारखेच. कोनाचा हात, कोनाचा पाय. हे वाक्य आलं की सगळा वॉर्ड गप्प. बाजूच्या खाटेवर एक म्हातारा होता, गोदीतला, पाय गेलेला. मी निघायच्या आदल्या दिवशी तो सरकत सरकत माझ्याकडं आला. माझ्या ह्या बँडेजवर हात ठेवला, मान खाली घातली आनि हेच वाक्य बोलला. हेच. चाल पन हीच. मग माझ्याकडं बघत राहिला. मला काय समजनार? मी म्हटलं, येस, येस.’

‘मग?’

‘मग काय? त्याच्या डोळ्यांत पानी आलं. त्यानं कायतरी मागितलं असलं तर? घरी निरोप दे, पोरग्याला भेट, असं काय असलं तर? मी होय म्हनून आलो ना. कशाला होय म्हटलं ते मला कळलं पायजे.’

इस्पितळाला त्यांनी इंग्रजीत पत्र पाठवलं होतं. ते परत आलं. तेव्हापासून शब्दकोश घेऊन, वहीत एकेक आवाज उतरवून, ते त्या कॅसेटची भाषा शिकत होते. पण शेवटचं वाक्य कुजबुजत बोललेलं, त्यात पाण्याचा आवाज, आणि त्यात ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. माझा ट्रान्सफॉर्मर लागल्यावर त्यांना वाक्यातला पहिला शब्द लागला: ‘नागाइ’. म्हणजे लांब, दीर्घ. ‘लांब काय?’ ते विचारायचे. ‘रस्ता लांब? प्रवास लांब? माझं घर लांब आहे, तिथं जा, असं तर नाय?’ एकदा बोलता बोलता मला म्हणाले, ‘तू शीक. तुझे कान तरुन आहेत.’ मग आम्ही दोघं एका वहीवर शिकायला लागलो.

आणि मग एका रविवारी त्यांनी मला ओटीवरच अडवलं.

‘कॉलेज का सोडलंस?’

दोन विषय राहिले, नोकरी लागली, वगैरे मी सांगितलं.

‘मागं ने. परत सांग.’

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते मलाच लटकं वाटलं.

‘अर्धी कॅसेट बघून कोन उठतं रे?’ ते म्हणाले. ‘फॉर्म भरल्याची पावती आन, मग आत ये.’

मला वाटलं, गंमत करतात. पुढच्या रविवारी दार खरंच बंद होतं. आतून चित्रांचे आवाज येत होते. रेजिनबायने खिडकीतून चहा दिला आणि म्हणाली, ‘ह्याच्या डोक्यात शिरलं की शिरलं. भर जा तो फॉर्म, मला रोज खिडकीतनं वाढाया लावू नको.’

फॉर्म भरायला काका माझ्याबरोबर आले. कडक इस्त्रीचा शर्ट आणि कृत्रिम हात घालून. खिडकीवरच्या कारकुनाने मुदत गेली असं सांगितलं. काकांनी तो हात खिडकीत ठेवला, भांडण नाही, काही नाही, आणि म्हणाले, ‘आमी थांबतो. तुमी परत एकदा बघा.’ दीडेक तास ते तसेच उभे होते. कारकुनाला दंडासहित भरायची तारीख सापडली. मी पास झालो तेव्हा वडिलांनी पेढे आधी वाडीत पाठवले.

त्यानंतरच्या वर्षी पाऊस लांबला आणि कॅसेटींना बुरशी लागली. आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत हे व्हायचंच. त्यातून सातव्या कॅसेटचं आणखी एक दुखणं होतं: जे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायचं, नेमकी तिथेच टेप झिजत चालली होती. काकांनी ठरवलं की बुरशीचा एकदाच काय तो निकाल लावायचा. पाऊस सरला होता, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की त्या घरी सुकेळी घालायचा रिवाज होता. राजेळी केळी सोलून बांबूच्या मांडवावर आठवडाभर वाळवायची. मग ती वर्षभर टिकतात, बुरशी धरत नाहीत. मी रविवारी गेलो तर मांडवावर केळ्यांच्या ओळींमध्ये चार कॅसेटी, त्यांत सातवीही, झाकणं उघडून, उताण्या मांडलेल्या. काका काठी घेऊन कावळे हाकलत होते.

‘काका, हे काय?’

‘आमचे आजे-पणजे असंच करत आले. एक सुकेळं कधी बुरशी धरत नाय.’

‘केळ्यातलं पानी जातं,’ रेजिनबाय केळी उलटवता उलटवता म्हणाली. ‘ह्यात कुठलं पानी? वितळंल ते काळं.’

‘तू तुझी केळी बघ.’

मी विज्ञानाचा पदवीधर होण्याच्या बेतात होतो. मला कळत होतं. पण ज्या माणसाने मला तारेतला दोष कानाने ओळखायला शिकवलं, त्याला मी काय सांगणार, असं वाटलं आणि मी गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून मला डाचतं.

आठवड्याने त्यांनी सातवी कॅसेट लावली. चित्र वाकडं झालं होतं, माणसं एका बाजूला कललेली. आवाज विहिरीतून यावा तसा. काका शेवटपर्यंत बसले. बाईने हात पायरीवर ठेवला, तिचे ओठ हलले, आणि घरघर ऐकू आली, बाकी काही नाही. त्यांनी मागे नेलं. पुन्हा घरघर. तिसऱ्यांदा मागे नेलं नाही. उठले, प्लग काढला, वायर नीट गुंडाळली. रेजिनबाय दारात उभी होती. तिने फक्त त्यांच्या खांद्यावरची केळीची वाळकी साल काढली.

रविवार पुढेही चालू राहिले, उरलेल्या कॅसेटींवर. पण चित्र थांबवून जवळ जाणं कमी झालं. एकदा मी म्हटलं, ‘काका, ती कॅसेट दुसरीकडे मिळेल.’ ते म्हणाले, ‘मिळंल. म्हातारा मिळंल का?’

मी जपानीच्या परीक्षा देत गेलो. शनिवारी दादरला वर्ग, इतर दिवशी नोकरी. पुढे पुण्यात यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत दुभाष्याची नोकरी लागली. तिकडून येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला मी ती गोष्ट सांगायचो: नळ दुरुस्त करणारी बाई, जिना, हात. बहुतेक जण हसायचे. अशा गोष्टी तेव्हा ढिगाने निघत, म्हणायचे, कॅसेटच्या दुकानातून आल्या आणि दुकानाबरोबर गेल्या. पाच वर्षं यात गेली.

मी इनासकाकांना शेवटचा भेटलो तो पाचव्या वर्षीच्या दिवाळीत. वाडीच्या मागच्या अंगाला पाच मजली इमारत उभी राहिली होती. घरात ते नव्हते. रेजिनबाय म्हणाली, ‘मागं बघ, बिल्डिंगवाल्यांनी नेलाय.’ ते इमारतीच्या पंपाच्या खड्ड्यात गुडघ्यापर्यंत उतरले होते, दातांत तार धरून. पाचही मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं बादल्या घेऊन वाकून बघत होती. मला पाहून त्यांनी हातानेच थांबायची खूण केली. पंप सुरू झाला. ते वर आले नाहीत. तसेच खड्ड्यात उभे राहून, मान कलती करून, त्याचा आवाज ऐकत राहिले. मला गाडी गाठायची होती. मी वरूनच नमस्कार केला आणि निघालो.

त्याच वर्षी मोरिता नावाचे एक वयस्क इंजिनिअर आले. माझी गोष्ट ऐकून ते हसले नाहीत. गावी परत गेल्यावर त्यांनी मला एक डिस्क पाठवली. ऐकू न येणाऱ्यांसाठी तिच्यात खाली जपानी अक्षरं उमटत होती. मी ती एका रविवारी अकरा वाजता लावली. फोन करण्यात अर्थ नव्हता. फोनवरचं बोलणं मागे नेता येत नाही, अशी काकांची तक्रार असायची. म्हणून त्याच दुपारी मी पत्र लिहिलं आणि सोमवारी पाठवलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे.

*

ति. इनासकाकांना सा. न.

सातवी कॅसेट मिळाली. डिस्क सोबत पाठवतो, पण ती लावायची सोय होईपर्यंत तुम्हाला थांबवून ठेवणं मला बरं वाटत नाही. वाक्य असं आहे:

नागाइ आइदा, गोकुरोसान.

‘नागाइ’ आपल्याला बरोबर लागलं होतं. पण रस्ता नाही, प्रवास नाही. नागाइ आइदा म्हणजे खूप काळ. आणि गोकुरोसान तिकडे कष्ट करून थकलेल्याला म्हणतात, काम संपल्यावर. आपल्याकडे असा एक शब्द नाही. मी पाच-सहा प्रकारे लिहून बघितलं. शेवटी हेच ठेवलं: ‘खूप दिवस राबलास रे.’

आपण दोघंही इतकी वर्षं समजत होतो की बाई त्या मुलाशी बोलते. चित्र थांबवून बघितलं, काका. तिची नजर मुलाकडे नाहीच. ती पायरीवर ठेवलेल्या हाताकडे बघून बोलते. त्या हाताचा निरोप घेते.

तेव्हा त्या म्हाताऱ्याने तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं. निरोप नव्हता, पत्ता नव्हता, मुलगा नव्हता. तुम्ही कुठलंही वचन दिलं नाही आणि मोडलंही नाही. तो तुमच्याशी बोललाच नव्हता. बँडेजवर हात ठेवून तो तुमच्या गेलेल्या हाताशी बोलला. जहाजावर इतकी वर्षं राबलेल्या हाताला कुणीतरी दोन शब्द बोलायला हवे होते, ते तो बोलला. आणि त्या हाताच्या वतीने तुम्ही म्हणालात, येस, येस.

बरोबर म्हणालात, काका.

तुमचा,
सुधाकर